शीलबंद बाटली

"एक साधं द्या," तो म्हणाला, आणि सुट्टे पैसे काढायचे सोडून माझ्याकडेच बघत राहिला.

यवतमाळच्या कापूस खरेदी केंद्रासमोर आमची लिंबू सरबताची गाडी. त्या वर्षी कापसाचे भाव पडलेले, आणि बैलबंड्यांची रांग पार नाक्याच्या पुढे गेलेली. दोन-दोन दिवस नंबर लागायचा नाही. हा त्याच रांगेतला, महागावकडचा. नाव नयन. केसांत कापसाचे तंतू होते आणि त्याला पत्ता नव्हता.

"स्पेशल नाई घेत?" मी पाटीकडे बोट दाखवलं. साधं तीन रुपये. स्पेशल, बाटलीच्या पाण्याचं, आठ रुपये.

"नाई बाप्पा. आमच्यासारख्याले साधंच बरं."

"काहून? जीभ साधी हाये का तुमची?"

"जीभ नाई... खिसा."

मी हसले. तोही हसला. पण खरं सांगू? हसताना माझी नजर त्या बाटलीवर गेली आणि हसू अर्धंच राहिलं. पाटीशेजारी मिनरल वॉटरची ती एक शीलबंद बाटली मी रोज पुसून ठेवायचे. दिवाळीपासून तीच होती. साधं काय नि स्पेशल काय, दोन्हीचं पाणी एकाच माठातलं! बाबा दम्यानं घरी बसल्यावर ही अक्कल मीच लढवली होती. समोरच्या कचेरीतले वामनराव तीन रुपयांच्या सरबताला नाक मुरडायचे; तेच आठ रुपयांना "मिनरलची चवच न्यारी!" म्हणून मिटक्या मारू लागले. तेव्हा मला त्यांची गंमत वाटायची. आता हा पोरगा "साधंच बरं" म्हणाला, तर माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा आला. आठ रुपये मोजून ठेवले.

"एक स्पेशल. तुम्हाले."

"मले?"

"दिवसभर लोकाइले पाजता. तुम्हाले कधी पाजलं कोणं?"

पाठ फिरवून मी माठातलंच पाणी ओतलं. लिंबू जरा जास्त पिळलं... तेवढंही नाही, खोटं कशाला बोलू. अर्धा ग्लास प्यायले आणि खाली ठेवला.

"आवडलं?"

"हं..."

"मग एक घोट मलेही पाहू द्या." त्यानं ग्लास घेतला, डोळे मिटून प्यायला. "हे येगळंच हाये! आता समजलं, आठ रुपये कायले घेता ते."

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी त्याचा नंबर लागला. संध्याकाळी तो आला तो मान खाली घालून.

"बंडीत वरतून पहिल्या वेच्याचा पांढरा कापूस पसरला होता मी," तो हळूच म्हणाला. "खाली शेवटच्या वेच्याचा, किडका. मापाऱ्यानं कोपरापर्यंत हात घालून ओढून काढला. साऱ्या रांगेसमोर. बाबाले आता तोंड कसं दाखवू?" त्यानं तीन रुपये ठेवले. "जाण्याआधी एक साधं द्या. तुमच्या स्पेशलच्या लायकीचा नाई मी."

मी गप्प राहिले असते तर त्याला कधीच कळलं नसतं. चांगली पोरगी होती, एवढंच मनात ठेवून तो गावी गेला असता. मलाही तेच हवं होतं. पण त्याचा खोटेपणा चारचौघांत उघडा पडला आणि माझा तेवढा शीलबंद... हे काही मला सोसेना.

मी बाटली उचलली. त्याच्यासमोर झाकण पिळलं. करकर वाजलं.

"दिवाळीपासूनची हाये. आज पहिल्यांदा उघडून राह्यली. तुमचं साधं अन् हे स्पेशल... माठ एकच हाये."

त्यानं आधी बाटलीकडे, मग माठाकडे पाहिलं.

"म्हणजे काल मी डोळे मिटून..."

"हाव."

"मग मले येगळं काहून लागलं?"

"आठ रुपये दिले म्हणून."

सरबत न घेताच तो बंडीकडे गेला. मी ओल्या फडक्यानं पाटीची खालची ओळ पुसून टाकली, आणि लिंबं चिरताना रडले. कुणी विचारलंच असतं तर लिंबाचं नाव सांगितलं असतं.

आठवड्यानं वामनराव आले. तीन रुपयांचं सरबत घोटभर प्यायले आणि तोंड वाकडं केलं. "उर्वशी, चव गेली बरं तुझ्या सरबताची."

"तेच मीबी इचार करून राह्यलो," मागून आवाज आला.

नयन! बंडी नाही, बैल नाही, कापूस नाही. एसटीनं आला होता, धुतलेला शर्ट घालून.

"एक साधं द्या." मी दिलं. त्यानं घोट घेतला आणि मान हलवली. "नाई... त्या दिवशीसारखं नाई लागत. आठ दिवस झोप नाई मले. किमतीनं येगळं लागलं म्हणता, पण ते पटत नाई."

"मग कायनं?"

"ते तुह्या उष्ट्या गिलासातलं होतं."

माझी मान खाली गेली. वामनराव खाकरले, पण जागचे हलले नाहीत.

नयननं ग्लास माझ्यापुढे धरला. "हे बेचव हाये, उर्वशी. जरा चाखून दे ना."

वामनरावांच्या देखतच मी एक घोट घेतला.