हिरव्या चौकटीतली म्हैस

पुष्पांजलीच्या लॅपटॉपनं एका भल्या घरच्या पोराला म्हैस ठरवलं, तिथून ही भानगड सुरू झाली.

अर्जुनी मोरगावजवळच्या मामाच्या गावी, तलावाच्या पाळीवर ती कॅमेरा लावून बसली होती. नागपूरच्या कॉलेजचा प्रकल्प असा, की कळपातल्या एकाच म्हशीमागे पडद्यावरची हिरवी चौकट फिरत राहावी. तिनं काजळी नावाची म्हैस निवडली. काजळीनं बुडी मारली... आणि शेजारी वर आलं एक काळंभोर, निथळतं डोकं. चौकट टुणकन त्याच्यावर!

"ओ बाई, हसून काऊन राहिल्या?" काजळीचा मालक हिमांशू काठावर आला. पडद्याकडे बघून चाटच पडला. "मी म्हैस दिसतो का तुम्हाले?"

"मले नाही... कॉम्प्युटरले दिसता."

मग तिनं समजावलं. म्हैस कुठं असेल याचे शेकडो अंदाज, म्हणजे हे शेकडो ठिपके. म्हैस बुडाली की सगळे जवळच्या काळ्या वस्तूवर झुंबड करतात. त्यांना पाखरांच्या थव्याची अक्कल शिकवायची होती — आपल्याला म्हैस दिसली ती जागा लक्षात ठेवायची, थव्याला ती सगळ्यात नीट दिसली त्या जागेकडं सरकायचं, पण थोड्यांनी शोधत फिरायचं.

"शनिवारी सरांना दाखवायचं आहे. फसलं तर वर्ष गेलं."

"मंग मी बुडतो ना! तुमची चौकट फसते का, पाहू."

आठवडाभर तो बुडला. इतका, की तलावातले मासे त्याला रामराम करू लागले! चौकट रोज फसायची.

"पुन्हा मीच!" तो खूश. ती मान खाली घालून टाइप करत राही... कानांच्या पाळ्या तेवढ्या लाल.

शनिवारी सर व्हिडिओ कॉलवर आले. काजळी बुडाली, हिमांशू वर आला. ठिपके विखुरले... काही त्याच्याकडं वळले... पुष्पांजली पडद्यावर वाकली. तेवढ्यात काजळीचं शिंग दिसलं आणि सगळा थवा तिकडं! चौकट काजळीवरून हललीच नाही.

"शाब्बास!" सर म्हणाले. कॉल संपला तशी ती पोटभर हसली.

हिमांशू समोर उभा. हसला, पण अर्धाच. "म्हणजे आता चौकट मले विसरली."

"हो."

"अन् तुम्ही नागपूरले चालल्या."

"सोमवारी."

"मंग..." तो ओल्या केसांतलं पाणी उगाच झटकत राहिला.

तिनं लॅपटॉप मिटला, ओढणीचं टोक त्याच्या हातात दिलं. "डोकं पूस आधी. चौकट विसरली... मी कायले विसरू रे तुले?"

काजळी म्हणे तेव्हा लाजून पुन्हा पाण्यात गेली. म्हशीचं लाजणं टिपणारा कॅमेरा अजून निघाला नाही, म्हणून पुरावा तेवढा नाही.