खडकावरचे पाच ढिगारे

आम्ही बाबांना शोधायला निघालो होतो. पण ‘मंदाकिनी’ नावाच्या त्या साठ प्रवाशांच्या जहाजावर हे कुणाला सांगायचं? तिथे सकाळी योगासनं, दुपारी हौजी, संध्याकाळी अंताक्षरी. बदलापूरच्या एका बाईंनी तर मला विचारलंच, "तुमची आई फोटोत हसत का नाही हो?" मी म्हटलं, "बोट लागते तिला."

उल्हासनगरच्या बुकिंग ऑफिसात मी कामाला होते. २००७ च्या दिवाळीत शेठनी या जहाजाच्या सहलीचे तिघांचे पास माझ्या हातात ठेवले. "जा बेटी, मम्मी को घुमा ला." मी कार्यक्रमपत्रिका वाचत गेले आणि शेवटच्या ओळीवर अडकले. तिसऱ्या दिवशी दुपारी, एका निर्मनुष्य बेटाजवळ दोन तास मुक्काम. बेटाचं नाव मला ऐकून माहीत होतं.

चार वर्षांपूर्वी बाबा कामाला होते तो मालवाहू बार्ज कोकणाजवळ बुडाला. जनू पाटील हे नाव बेपत्त्यांच्या यादीत लागलं आणि तिथेच राहिलं. पुढे एका कोळ्याने सांगितलं, की समुद्र त्या बेटावर माणसं आणून टाकतो. कोळी त्यांच्यावर दगड रचतात आणि अंगावरची एखादी वस्तू वर ठेवतात, कधीतरी घरचं कुणी आलं तर ओळखायला. एका ढिगाऱ्यावर म्हणे तांब्याचं कडं होतं. बाबांच्या हातात तांब्याचं कडं असायचं. त्याला पडलेली चीर आईने स्वतः ठोकून बसवली होती; हजारात ओळखली असती तिने. पण होडीवाले आम्हाला तिथे न्यायला तयार होत नव्हते. चार वर्षं आई ना सधवा होती, ना विधवा. तिला फक्त ते एकदा कळायला हवं होतं.

सोबत होते तात्या, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ महिपती. पालेगावचे. चाळीस वर्षं त्यांनी उल्हास नदीत रेतीच्या होड्या चालवल्या. नदी त्यांना तळहातासारखी पाठ. समुद्रावर मात्र आयुष्यात पहिल्यांदा आलेले.

तिसऱ्या दिवशी जहाज थांबलं. पक्ष्यांच्या विष्ठेने पांढरे पडलेले दोन काळे खडक आणि मधे एक सखल पट्टा, एवढंच ते बेट. बाकीच्यांनी लांबूनच नाकं मुरडली. रघु नावाच्या खलाशाने आम्हा तिघांना वल्ह्याच्या होडीतून नेलं.

"ओहोटी संपत आलीय," तो म्हणाला. "पाऊण तासात परत. तात्या, तुम्ही होडीपाशी थांबा."

"होडीचं मना सांगू नको," तात्या म्हणाले.

त्यांनी होडी खडकाला बांधली. नदीवर बांधायचे तशीच: दोर आखूड, गाठ करकचून, म्हणजे धार होडीला ओढून नेणार नाही. पण नदीचं पाणी वाहतं, समुद्राचं चढतं! हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, रघु वल्ही आवरण्यात गुंतला होता, आणि आमचं तर तिकडे लक्षच नव्हतं.

शेवाळावरून घसरत, शिंपल्यांनी तळवे फाडून घेत आई आणि मी सखल पट्ट्यापाशी पोचलो, तेव्हा तिथे गुडघाभर पाणी झालं होतं. आई सरळ आत शिरली. मी मागोमाग. पाणी कमरेला आलं. समोरच्या खडकावर ढिगारे दिसू लागले. एक, दोन, पाच! एकावर चप्पल, एकावर पट्ट्याचं बक्कल. आणि अगदी टोकाच्या ढिगाऱ्यावर हिरवं पडलेलं काहीतरी गोल.

"दिसलं गं," आई पुटपुटली. पंधरा पावलंही राहिली नव्हती.

तेवढ्यात मागून रघुची हाक आली.

होडी नाकावर उभी राहिली होती! पाणी चढलं, आखूड दोराने तिचं नाक खाली धरलं, आणि लाटा आत कोसळू लागल्या. दोर कापायला रघुने काढलेला कोयता लाटेने होडीबाहेर गेला. गाठ सोडायला तात्यांनी बुडी मारली. लाटेने होडी उचलली. दोर ताणला. त्यांचा उजवा हात दोर आणि खडक यांच्यामधे अडकून चेपला गेला! तोंड पाण्याखाली जात होतं, वर येत होतं. होडी खडकाकडे रेटल्याशिवाय दोर सैल होणार नव्हता. रघु एकटा रेटत होता आणि होडी हलत नव्हती.

आईने एकदा ढिगाऱ्याकडे पाहिलं, एकदा तात्यांकडे. आणि ती वळली. मी तिच्या जागी असते तर वळले असते का, मला माहीत नाही. मला तर तिचा राग आला. तरी मी तिच्यामागे धावले.

तिघांनी खांदे लावले. एक लाट. दुसरी. नाही! तिसऱ्या लाटेबरोबर होडी हातभर सरकली आणि हात सुटला. बोटं चेचली होती. तात्यांनी डाव्या हाताने आणि दातांनी गाठ सोडवली. आम्ही ओढणीने, हातांनी, रघुच्या टोपीने पाणी उपसलं आणि कसेबसे निघालो. मागे सखल पट्टा दिसेनासा झाला होता. आम्ही जहाजावर चढलो आणि कप्तानाने ठरल्या वेळेला नांगर उचलला. आम्हाला पुन्हा बेटावर जाऊ देण्यासाठी तो थांबणं शक्य नव्हतं.

डेकवर तात्या पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसले. आईला म्हणाले, "भागीरथी, माझी चूक झाली. मी होडी घेतो. परत येऊ."

"नको, भावजी."

"कडं त्याचंच असंल तर?"

"असंल. नसंल बी. पाच जण हायेत तिथं. पाची जणांच्या घरी कोनतरी वाट बघतंय. मी आता नाय बघायची." तिने ओला पदर पिळला. "गावी गेलो का दर्भाचा पुतला करा. त्यांचं काय ते सगलं करून टाका."

चार वर्षं तात्यांनीच हे होऊ दिलं नव्हतं. प्रेत नसताना पुतळ्याला जाळायचं म्हणजे भावाला आपल्या हाताने मारायचं, असं ते म्हणायचे. आज ते भांडले नाहीत.

"अग्नी कोन देल?" एवढंच त्यांनी विचारलं.

"मी देईन," मी म्हटलं.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग धड हाताने त्यांनी डोळे पुसले आणि होकाराची मान हलवली.