वैनीसाठी ठेवलेलं गाणं

"काय म्हटलंय म्या? सांग की वैनी! काय म्हटलंय त्यात?"

पन्नाशीतला रुद्रेश वहिनीपुढं गुडघ्यांवर बसून ओरडत होता... कपाळावरच्या पट्टीतून रक्त पाझरत होतं, पण त्याचं त्याला भान कुठलं! आदल्या संध्याकाळी शाहूपुरीतल्या हॉलमध्ये त्याच्या रॉकच्या अल्बमचं प्रकाशन झालं होतं. तीस वर्षं गिटार वाजवून नाव कमावलेला माणूस, मुंबई-बंगळूरच्या पेपरांनी अल्बमची तोंडभरून स्तुती केलेली. पण गावच्या पोरांनी तिसऱ्या गाण्यालाच हुर्यो उडवली आणि खुर्च्या भिरकावल्या. त्यातलीच एक त्याच्या कपाळावर बसली होती.

शिवलीलावहिनीच्या डोक्यावर त्याचा हेडफोन होता. उजव्या कानात गाणं संपेपर्यंत नुसता ढोल घुमला होता. डाव्या कानात... डाव्या कानाला बारा वर्षांत काहीच ऐकू आलं नव्हतं! आणि नेमकं तेच तिला त्याला कळू द्यायचं नव्हतं.

"चांगलं हाय रं... लई चांगलं," ती कसंनुसं हसत म्हणाली.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा रुद्रेश दहा वर्षांचा, आईवेगळा. भाकऱ्या थापणाऱ्या वहिनीच्या डाव्या अंगाला बसून तो गुणगुणत राहायचा. थोरला भाऊ शिवमूर्ती, म्हणजे त्याचा अण्णा, गुळाची पेढी चालवायचा. डोक्यानं तापट, पण धाकट्यावर जीव. बारा वर्षांपूर्वी मात्र "पेढी का गिटार, आज सांग!" म्हणत त्यानं गिटारला हात घातला. दोघे भाऊ दोन्हीकडून ओढू लागले, ती मध्ये पडली, आणि हिसड्यासरशी गिटारचा दांडा तिच्या डाव्या कानशिलावर बसला. संतापानं आंधळ्या झालेल्या रुद्रेशला ते कळलंही नाही. तो गिटार घेऊन तणतणत निघून गेला.

थोड्या वेळानं पस्तावून परत आला, दार वाजवत राहिला... तिनं उघडलं नाही! कानातून रक्ताची धार लागली होती. हे पाहिलं तर हा पोर जन्मात गिटारला शिवणार नाही, हे ती जाणून होती. "माज्या गळ्यातल्या लिंगाची आण हाय तुमास्नी," म्हणून तिनं नवऱ्याचंही तोंड बंद केलं. अण्णानंच दार लावायला लावलं, असं समजून रुद्रेश घरापासून लांब राहून भावाचा द्वेष करत राहिला आणि शिवमूर्ती तो मुकाट गिळत राहिला.

"चांगलं हाय?" रुद्रेश ताडकन उठला. "तुज्या डाव्या अंगाला बसायचो, म्हणून डाव्या कानात नुसता माजा आवाज ठेवला! एकच गोष्ट इचारली तुला त्यात. लोकांनी खुर्च्या मारल्या, मारू देत! पर तू दगडावानी बसलीस? संपलं! आजपासनं वाजवणं बंद!"

त्यानं गिटार उचलून खांबावर आदळली. लाकडाच्या चिरफळ्या उडाल्या. बाहेरच्या सोप्यातून धावत आलेल्या शिवमूर्तीनं त्याच्या थोबाडीत हाणली. रुद्रेशच्या ठोशानं अण्णाचा ओठ फाटला. अण्णानं त्याला भिंतीशी दाबून त्याचा गळा आवळला, आणि बारा वर्षांची शपथ मोडली...

"तिला त्या कानानं ऐकू येत न्हाय, मुडद्या! तुज्या-माज्या वडाताणीत फुटला त्यो कान!"

रुद्रेश पांढराफटक पडला. "वैनी... खरं हाय?"

तिनं हेडफोनवरून पदर ओढून डावा कान झाकून घेतला. त्याला तेवढं पुरे झालं. भावाचा हात झटकून तो स्वयंपाकघरात धावला, डावा पंजा पाट्यावर टेकवला, दुसऱ्या हातानं वरवंटा उचलला आणि खाली आणला...

"रुद्रा!" शिवलीला किंचाळली.

दगड पडला तो मागोमाग धावलेल्या शिवमूर्तीच्या पंजावर! धाकट्याच्या बोटांवर त्यानं आपला हात घातला होता. हाड मोडल्याचा आवाज झाला, पाटा रक्तानं भरला.

"वढणारे दोघं हुतो," अण्णा कण्हत म्हणाला, "तू एकटाच हात फोडून घेतोस व्हय रं?"

रुद्रेश त्याच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा हमसून रडू लागला. शिवमूर्तीनं त्याला धड हातानं थोपटलं. मग त्याला घेऊन बाहेर आला, बायकोच्या डोक्यावरचा हेडफोन काढला, उलटा केला आणि पुन्हा चढवला.

"लाव ते मशीन," तो धाकट्याला म्हणाला.

आता ढोल नाहीसा झाला. चांगल्या कानात एकटा रुद्रेश गात होता... वैनी, माझं काय चुकलं? दार का नाही उघडलंस?

शिवलीलाचा बांध फुटला! हेडफोनमुळं आपला आवाज किती चढलाय, हेही तिला कळत नव्हतं.

"तुजं काय बी चुकलं न्हाय रं! रगतानं माखले हुते... ते बघितलं असतंस तर वाजवायचं सोडलं असतंस तू! आन् आता सोडलंस, तर माजा कान फुकट गेला बघ!"