घरच्यांचा वस्तरा

दुकानाचं शटर अर्ध्यावर उचललेलं होतं, आणि धाकटा वाकून आत जायचं सोडून तसाच पायरीवर उभा होता... बगलेत निळा प्लास्टिकचा डबा, आणि आत खुर्चीत पाठमोरा बसलेला सख्खा भाऊ! चार वर्षांपूर्वी याच पायरीवरून तो खाली उतरला होता, आणि तेव्हापासून या रस्त्याला यायची वेळ आलीच तर मागच्या गल्लीने वळसा घालत होता. आज मात्र वहिनींनी फोनवर हुकूमच सोडला होता. उद्या लेकीचं लग्न, आणि मुलीचा बाप, ज्याने सगळ्या पेठेच्या दाढ्या केल्या, तो स्वतः छातीपर्यंत दाढी वाढवून बसलाय. दुसऱ्या कुणाचा हात लावून घेत नाही. भाऊजी, तुम्हीच या.

दाढीवाला न्हावी! गिऱ्हाइकं तोंडावर हसत होती म्हणे, पण दादा ढिम्म.

या दुकानात वडिलांनी एक रीत घालून दिली होती. सकाळी शटर पूर्ण वर जाण्याआधी दोघा भावांनी एकमेकांची दाढी करायची. ज्या हाताखाली आपला भाऊ निर्धास्त मान देतो, तोच हात गिऱ्हाइकाच्या गळ्याला लागावा, असं ते म्हणत. गिऱ्हाइकासाठी दरवेळी नवं ब्लेड, त्यात कधी कसूर नाही. घरच्यांसाठी मात्र वडिलांचा जुना वस्तरा. पट्ट्यावर घासायचा, फडक्याने पुसायचा, कातडी कापलीच तर तुरटी फिरवायची, की झालं. आपलं रक्त आपल्याला काय करणार, असं दोघांनाही वाटे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग एका शेजाऱ्याच्या ऑपरेशनसाठी धाकट्याने रक्त दिलं, आणि रक्तपेढीने त्याला परत बोलावून हळू आवाजात सांगितलं, तुमच्या रक्तात हिपॅटायटिस सी आहे. त्याच्या पायाखालची जमीनच सरकली! स्वतःच्या जिवाआधी त्याला तो वस्तरा आठवला. कालच दादाच्या हनुवटीला बारीकसं कापलं होतं... आणि बातमी फुटली तर? न्हाव्याच्या रक्तात रोग आहे म्हटल्यावर या दुकानाची पायरी कोण चढणार होतं? दादाचा संसार, शिकणारी पुतणी, सगळं त्या दोन खुर्च्यांवर चालत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा वस्तरा परजून उभा राहिला, तेव्हा धाकटा खुर्चीत बसलाच नाही.

"मला तुझ्या हाताखाली मान द्यायची नाही," तो म्हणाला, आणि निघून गेला.

बोललेला शब्द त्याचा त्यालाच असा लागला की पुढे किती रात्री त्याचा डोळा लागला नाही. पण जाताना एक काम त्याने चोख केलं. डॉक्टरांकडे जाऊन दादाच्या रक्ताची हीच तपासणी करायची गळ घातली, आणि वहिनींना पटवलं की चाळिशी उलटलीय, दादाला एकदा दाखवून आणा. पुढे वहिनींचा निरोप आला, हे म्हणाले सगळं ठीक आहे. त्या एका वाक्यावर त्याने वनवास काढला. गावाच्या दुसऱ्या टोकाला परक्याच्या दुकानात खुर्ची धरली, तीन महिने गोळ्या घेतल्या, आणि रक्त स्वच्छ झालं! पण मन कुठे स्वच्छ होत होतं? डॉक्टरांनी बजावलं होतं, एकदा झाला म्हणून अंगाला कवच येत नाही, दुसऱ्याच्या रक्तातून पुन्हा लागू शकतो, वाळलेल्या थेंबातसुद्धा तो दिवसेंदिवस तग धरतो. म्हणून ब्रश, रेझर, नेलकटर आपलं आपल्यापाशी. तेवढंच त्यांनी सांगितलं होतं. चहाच्या कपाने, जवळ बसल्याने, मिठी मारल्याने काही होत नाही, हेही सांगितलं होतं, पण ते त्याच्या कानातून आत उतरलंच नाही. ते सगळं भरलेला निळा डबा उशाशी घेऊन झोपायचा, आणि कुणी मायेने जवळ आलं की दोन पावलं मागे सरायचा.

"आत ये. का पायरीलाच लग्नाचं आमंत्रण आहे?" आरशातून दादा म्हणाला.

धाकटा वाकून आत आला. मागच्या दाराने वहिनी आल्या, त्यांच्या मागून पुतणी आली, आणि दोघी अशा उभ्या राहिल्या की पळायला वाटच राहू नये. खुंटीवर वडिलांचा वस्तरा तसाच लटकत होता. धाकट्याने डबा फळीवर ठेवला आणि सवयीने दादाच्या गळ्याभोवती कापड बांधायला हात पुढे केले, तसा दादा चटकन मागे सरकला.

"तू नको," तो म्हणाला. "तू सोडून कुणीही चालेल."

धाकट्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पेरलं तेच उगवलं, दुसरं काय! त्या जिव्हारी लागलेल्या शब्दाची ही परतफेड होती, आणि ती भोगायची त्याची तयारीही होती... पण पुतणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि इतकी वर्षं गिळलेलं सगळं त्याच्या ओठांवर आलं. रक्तपेढी, तो वस्तरा, वहिनींकरवी करवलेली तपासणी, गोळ्या, डबा.

"तुझा हात मला नकोसा नव्हता रे दादा. माझं रक्त तुला लागू नये म्हणून गेलो. आता बरा झालोय, पण हे ऐकून तुला भीती वाटली तर चूक नाही. मी जातो."

दादाने कनवटीची किल्ली काढली, आरशाखालच्या खणाचं कुलूप उघडलं, आणि आतून एक डबा काढून निळ्या डब्याशेजारी ठेवला. हिरवा. झाकण उघडलं तर ब्रश, रेझर, नेलकटर!

"यात तंबाखू आहे म्हणून मी इतकी वर्षं भांडतेय," वहिनी पुटपुटल्या.

दादाचे खांदे गदगदत होते. म्हणाला, "तू तपासायला लावलंस ना, त्यात निघाला. तुला माझ्यामुळे लागला असेल या धास्तीने डॉक्टरांचे पाय धरले, तर ते म्हणाले, भावाची तपासणी झालीय, त्यांची काळजी सोडा. मला वाटलं तू सुटलास. गेलास ते बरंच झालं, असं रोज मनाला समजावत होतो. मीही बरा झालोय रे. तू गेल्यावर या दाढीला कुणाचाच हात लावू दिला नाही, स्वतःचासुद्धा. पण या मानेवर वस्तरा ठेवताना तुझ्या बोटाला कापलं तर, म्हणून तुला नको म्हटलं."

त्या भल्या डॉक्टरांनी दोघांची गुपितं पोटात ठेवली होती. दोन भाऊ एकाच दवाखान्यात, एकाच गोळ्या घेत, एकमेकांना वाचवत बसले होते.

मग मात्र एकच कल्लोळ उडाला. माझ्यामुळे तुला झाला, असं एक म्हणे; नाही, माझ्यामुळेच तुला, असं दुसरा. शेवटी वहिनींनी डोळे पुसत दटावलं, की घराची वाटणी करायला मेले भाऊ भांडतात, हे दोघे आजाराच्या वाटणीला भांडतायत! आणि अशक्तपणा म्हणून नवऱ्याने आपलं आणि लेकीचं रक्त का काढवलं होतं, ते त्यांना आत्ता उमगलं. दोघीही निरोगी होत्या, म्हणूनच त्यांना रागवायला भरपूर जोर होता. दादाने नवऱ्याच्या जातीला साजेसं तोंड खाली घातलं.

"काका, आता मागे सरायचं नाही," म्हणत पुतणी धाकट्याच्या गळ्यात पडली, आणि तो मागे सरला नाही. कितीतरी काळाने कुणाच्या तरी केसांचा वास त्याच्या नाकाशी आला, आणि तो लहान मुलासारखा रडला.

दादाने खुंटीवरचा वस्तरा उतरवला, कपाळाला लावला, आणि पाण्याचा दगड पुढे ओढून धार आडवी घासायला लागला. थोडं त्याने घासलं, थोडं धाकट्याने. ज्या दगडावर वडिलांनी जन्मभर धार लावली, त्याच दगडावर लेकांनी ती मोडली. बोथट झालेला वस्तरा वहिनींनी वडिलांच्या फोटोखाली ठेवला. "रीत तुमचीच चालू राहील," त्या फोटोला म्हणाल्या, "फक्त घरचेही आता गिऱ्हाईक."

ब्लेडची नवी पाकिटं आली. दादाच्या डोळ्यांदेखत धाकट्याने ब्लेड उघडलं, आणि दाढीचे पुंजके जमिनीवर पडू लागले. आतून ओळखीची हनुवटी निघाली, तिच्यावर ती जुनी बारीक खूण होती. पुतणीने टाळ्या वाजवल्या. बाहेर शटरखालून दोन-तीन गिऱ्हाइकं डोकावून आमचा नंबर कधी म्हणून ओरडत होती, आणि आधी घरचे, असं वहिनी त्यांना ठणकावून सांगत होत्या.

दादा उठला. वापरलेलं ब्लेड कचऱ्याच्या डब्यात टाकलं, साबणाने हात धुतले, खुर्ची झटकली, नवं पाकीट फोडलं.

"देतोस ना मान?" त्याने विचारलं.

धाकटा खुर्चीत बसला, डोळे मिटले, आणि त्याने मान मागे टाकली.