शेंदऱ्याने मागितलेला कौल

मये गावात, तळ्याच्या वरच्या अंगाला दत्तारामाचं घर. गोवा मुक्त होऊन दहाएक वर्षं झाली होती. खाणीवर ट्रक वाढले होते आणि त्यांतला एक दत्तारामाला चालवायला मिळाला होता. नोकरी लागली तर गावच्या राखणदार देवाला घरचा कोंबडा देईन, असं तो बोलून बसला होता. तो कोंबडा म्हणजे शेंदऱ्या, त्याच्या आठ वर्षांच्या लेकीचा, ताराचा जिवलग.

देवळात कीर्तनाचा सप्ताह चालू होता. तारा अगदी पुढे बसायची, शेंदऱ्या आवाराच्या भिंतीवर. चौथ्या दिवशी घरी येताना शेंदऱ्या सहज म्हणाला, "बुवांचो आवाज आज बसलो हा. पण देवाचा नाव घेताना कसो उघडलो, बघलंस?"

तारा दचकली नाही. तिलाही अगदी तसंच वाटलं होतं. मग दोघांच्या गप्पांना खंड उरला नाही. पोदेर दारावर विकायला आणायचा त्या पावाचा मऊ गाभा त्याला, कडक पापुद्रा तिला. बोलून बोलून त्याचा आवाज गोड होत चालला, तिच्या आवाजाच्या जवळ येत चालला. तिला त्याचं कौतुकच वाटलं.

शनिवारी बाबा सुरीला धार लावायला बसले. उद्याच नवस फेडायचा होता. तारा गोठ्यामागे जाऊन रडली.

"रडतंस कित्याक?" शेंदऱ्या म्हणाला. "बाबांक सांग, कौल लावा. देवाक विचारल्याशिवाय माझी मान कापतले?"

पण बाबांपुढे तिची जीभ रेटेना. ती आईच्या कुशीत झोपली, ती उन्हं वर येईपर्यंत.

उठली तर बाबा आंघोळ करून तयार. "चल बाय, देवळात जावया."

भटजींनी देवाच्या दोन्ही अंगांना पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर कोंबड्याऐवजी नारळावर भागेल. गाऱ्हाणं संपतं न संपतं तोच उजवी अलगद खाली आली. देव लेकरांचं ऐकतो, असं बुवा सांगत होते ते काय उगाच? सगळ्यांनी गूळखोबरं खाल्लं.

वाटेत बाबा हसले. "काय गो, पहाटे ओसरीच्या खिडकीकडे येऊन माका कीर्तन सांगलंस. 'बाबा, देवाक विचारलात काय?' काळोखात तोंड दिसला नाय, पण आवाज तुझोच."

तारा बाबांचं बोट सोडून पुढे धावली.

घरी ती आईच्या पाठीमागे पाटावर बसली. तोंडात पावाचा घास. आई चूल फुंकत होती.

अंगणातून हाक आली. "आई, भूक लागली गो."

ताराचाच आवाज.

"येतंय गो बाय," म्हणत आईने मागे न बघता पाव उचलला आणि ती बाहेर गेली.

बराच वेळ अंगणातून दोघींचं हसणं ऐकू येत होतं.