कोपऱ्यातलं बोट

"लग्नातला फोटो कुठल्या रोलवर घेऊ, ताई?" तन्वीर बागवानने काउंटरवर तीन नमुने मांडले. मिरजेतल्या त्याच्या स्टुडिओत स्वतःचा फोटो काढून घ्यायला आता क्वचितच कुणी येई. लोक येत ते न घडलेल्या प्रसंगांचे फोटो करून घ्यायला.

उज्ज्वलाने रजनीचा एकुलता एक फोटो आणला होता. रजनी तिची थोरली बहीण, लहानपणीच काविळीने गेली. विस्मृतीच्या आजारात आईला ते आठवत नसे. "रजू कुठाय?" ती विचारी, उज्ज्वला खरं सांगे, आणि आई ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऊर बडवून रडे. दुसऱ्या दिवशी परत तेच. सुरुवातीला उज्ज्वलाही रडायची. आता आईचं रडणं संपेपर्यंत ती भाजी निवडत बसे.

स्टुडिओ डॉक्टरांनीच सुचवला. तिथलं यंत्र चेहऱ्याचं वय वाढवत नेई, मग ते चित्र खऱ्या फिल्मवर उतरवून रसायनात धुवत. फिल्मच का, तर अशा रुग्णांचा मेंदू लख्ख फोटो परका म्हणून झटकून टाकतो. दाणेदार, फिकुटलेला, जरा तिरपा फोटो मात्र तो घरचा मानतो.

"हा लग्नाच्या फोटोग्राफरांचा," तन्वीर म्हणाला. "चेहरे गुळगुळीत येतात. हा कृष्णधवल. आणि हा स्वस्तातला, घरोघरी असायचा. सावल्या हिरवट पडतात, लाल रंग उडतो. पण फोटो कुठल्या सालातला, ते पटकन कळत नाही बघा."

"स्वस्तातला द्या."

"आणि काढणाऱ्याचा हात कुणाचा धरू? फोटो कुणीतरी घरच्याने काढलाय असं वाटायला यंत्राला त्याची उंची लागते, हाताची थरथर लागते."

"माझा धरा," उज्ज्वला म्हणाली. "कोपऱ्यात बोट येऊ द्या. माझं नेहमी यायचं."

फोटो आले. बोहल्यावर उभी रजनी, बाळाला घेतलेली रजनी. आई ते उशाशी घेऊन झोपू लागली आणि रडणं थांबलं. उज्ज्वलाला हायसं वाटायला हवं होतं. तिला काहीच वाटलं नाही, नुसती झोप येत राहिली.

मग गौरी आल्या. आईने कपाटातून मोरपंखी साडी काढली, रजूला द्यायला. शेजारच्या घरी लेकी माहेरी आल्या, त्यांचं हसणं इथवर ऐकू येत होतं. आई दाराकडे तोंड करून बसली ती जेवायलाही उठली नाही. लग्न लावून दिलेली मुलगी गौरीला माहेरी यायला हवी, हे ना डॉक्टरांच्या ध्यानात आलं होतं, ना उज्ज्वलाच्या.

दुपार कलल्यावर आईने उशाजवळचा फोटो हातात घेतला.

"हा तू काढलास ना?"

"कशावरून?"

"बोट आलंय तुझं." आई किंचित हसली. "म्हणजे तू भेटलीयेस तिला. सुखात आहे ना गं?"

उज्ज्वलाने पुरणपोळीचं ताट तिच्यापुढे सरकवलं. "आहे, आई."

"मग येत का नाही? माझं काय चुकलं?"