बोडीकाठचा रिकामा तंबू

"हर्षा, धाव वं! राणी उठून नाही राहिली!"

शेजारच्या विक्कीची हाक ऐकली आणि हर्षा नि अश्विन मंडईच्या पताका तशाच टाकून बोडीकडे पळाले. आसगावच्या त्या लहानशा तळ्याकाठी विक्कीची शेळी आडवी पडली होती. तोंडाला फेस, डोळे उघडे. पाण्यावर मासोळ्या पोट वर करून तरंगत होत्या. एरवी क्षणभर गप्प न बसणारा विक्की तिच्या कानाशी वाकून नुसतं "राणी, राणी" म्हणत होता.

दिवाळीच्या सुटीत हर्षा आणि तिचा धाकटा भाऊ अश्विन भंडाऱ्याहून मामाकडे आले होते. उद्या गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा! घरोघरी पाहुणे येणार, रात्री दंडारीचा नाचगाण्याचा खेळ रंगणार, आणि बोडीलगतच्या विहिरीच्या पाण्यावर साऱ्या गावाचं जेवण शिजणार.

बघता बघता गर्दी जमली.

"त्या पोरीनं पाळलेले मच्छरच चावले असतीन!" गर्दीतली जनाबाई कडाडली.

ती पोरगी म्हणजे करुणाताई. नागपूरच्या कॉलेजातून आलेली, बोडीच्या चिखलावर जाळीचे तंबू ठोकून लांब पायांच्या माश्यांचा अभ्यास करणारी. इंग्रजीत त्यांना क्रेनफ्लाय म्हणतात. पोरांनी मात्र त्या काटकुळ्या पायांकडे पाहून नाव ठेवलं होतं सारसमाशी.

"ती चावत नाही हो मावशी," करुणाताई कळवळून म्हणाली. "चावायची सोयच नाही तिच्या तोंडात. बिचारी चार दिवस जगते. पकडायला गेलं, तर पाय तुमच्या हाती सोडून उडून जाते!"

"मंग शेळी कायनं मेली?" मंडईचे कारभारी सेवकरामआजा म्हणाले. "सांज व्हायच्या आत तंबू उचल, बाई."

"झालं ते झालं," ईश्वरमामा घाईनं बोलले. "शेळी पुरा अन् कामाले लागा." पवनीला त्यांचं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. ते बोलले, पण शेळीकडे त्यांनी पाहिलं नाही. हर्षाच्या ते ध्यानात आलं.

करुणाताई खुंट्या उपटू लागली.

"ताई, हा तंबू काहून रिकामा आहे?" हर्षानं विचारलं. बाकीच्या तंबूंच्या टोकाला लावलेल्या बाटल्यांत सारसमाश्या फडफडत होत्या. पाळीजवळच्या, म्हणजे बोडीच्या मातीच्या बांधाजवळच्या तंबूत एकही नव्हती.

करुणाताईचा हात थांबला. "मला वाटलं, जाळी फाटली असेल. नीट पाहायला हवं होतं मी! अगं, यांच्या अळ्या चिखलात राहतात. कुजका पाला खातात, त्याची माती करतात. चिखल बिघडला, तर आधी त्याच मरतील."

"मंग चिखलच चाळू!" अश्विन ओरडला आणि मामीची चाळणी घेऊन आला.

"मामीजीले समजलं, तर तुलेच चाळतीन," विक्की डोळे पुसत म्हणाला.

करुणाताईनं आधी सगळ्यांच्या हातात रबरी मोजे चढवले. लांबच्या काठावर जाड, राखाडी अळ्या वळवळताना सापडल्या. शेपटीच्या टोकाला चांदणीसारखी झालर.

"त्याच टोकानं श्वास घेते ती," करुणाताई म्हणाली.

"अबे, मागून श्वास!" अश्विनला हसू आलं.

पण रिकाम्या तंबूजवळ येता येता ते हसू विझलं. अळ्या लिबलिबीत, मेलेल्या. पुढे तर एकही नाही. मेलेला चिखल पाण्याकडे पसरट होता आणि पाळीकडे निमुळता होत गेला होता. त्याच्या टोकाशी, पळसाच्या बुंध्याजवळ, ताजी उकरलेली माती!

करुणाताईनं कुदळ घातली. मातीतून एक बांधलेलं पोतं वर आलं आणि उग्र वासाचा भपकारा सुटला.

"मागे व्हा! कीटकनाशक आहे! बाटल्या फुटून सगळं पाळीत झिरपलंय... आणि विहीर तर इथेच, खाली!"

हर्षा मागे सरली, पण तिची नजर पोत्याच्या तोंडाशी खिळली. सुतळीची ती उलटी गाठ! डावखुऱ्या हाताची. अशीच गाठ मारून कालच मामांनी तिला चिंचेला झोका बांधून दिला होता. झोका देता देता गात होते,

*झोका जाई आभाळा, दोर मामाच्या हाती,*
*भाची माझी पाखरू, नको लागू देऊ माती.*

 तिनं गाठीवरून नजर काढून घेतली.

विहिरीवर ड्रम भरणं सुरू झालं होतं. पाण्यात औषध आहे म्हणून मुलांनी आरडाओरडा केला, पण सेवकरामआजांनी करुणाताईकडेच बोट रोखलं. "औषध तुहंच असन! पोरायले कायले नादी लावतं?"

गर्दीत ईश्वरमामा उभे होते. खाली मान घालून. 

हर्षा वळली आणि घराकडे धावत सुटली. परतली तेव्हा तिच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता. ती मामाच्या पुढ्यात उभी राहिली.

"मामाजी, विहिरीचं पाणी चांगलं आहे ना? मग मी पिते!"

तिनं तांब्या ओठांकडे नेला.

"हर्षा!" मामाच्या डाव्या हाताचा असा तडाखा बसला, की तांब्या खणखणत दूर गेला. "पिऊ नको, बाई! जहर आहे त्यात!"

ड्रम भरणारे हात थांबले.

"घरच्या माठातलं होतं," हर्षा म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "पण तुम्हाले कसं माहीत, मामाजी?"

ईश्वरमामा मटकन खाली बसले. "दुकानात तपासणी होनार होती. मुदत गेलेला माल होता. मातीत पुरला, का माती पचवते, असं वाटलं मले..."

"माती नाही पचवत," करुणाताई हळूच म्हणाली. "माती मरते."

ड्रम ओतले गेले. विहिरीला काटेरी फांद्यांचं कुंपण पडलं. मंडईचं जेवण पवनीहून आलेल्या टँकरच्या पाण्यावर शिजलं. कृषी खात्याची माणसं पोतं घेऊन गेली आणि जबाब द्यायला मामाही त्यांच्या मागे गेले. दंडारीआधी सेवकरामआजांनी तिघांना मंचावर बोलावलं. "गावाले घास गोड लागला, तो या पोरायमुळं!" म्हणाले आणि करुणाताईपुढे त्यांनी हात जोडले. टाळ्या कडाडल्या. विक्की मात्र राणीच्या रिकाम्या दाव्याशी चाळा करत होता आणि हर्षाची नजर गर्दीत मामाला शोधत होती.

सुटी संपायच्या दिवशी मामा बोडीवर दिसले. करुणाताईच्या सांगण्यावरून विषारी चिखल पिंपांत भरत होते. कपाळावरून घाम गळत होता.

"या तंबूत माश्या कधी येतीन, ताई?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही. एखादा पावसाळा जाईल. कदाचित जास्तच."

मामांनी वाऱ्यानं सुटलेली जाळी उचलली आणि रिकाम्या तंबूची दोरी खुंटीला बांधू लागले. हर्षा जवळ गेली. तिनं दोरीचं दुसरं टोक ताणून धरलं.

मामांनी गाठ मारली. तीच, उलटी.